हुबेहूब

‘हुबेहूब’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. रेडिओच्या साहाय्याने उडवायच्या प्रतिकृती-विमानांच्या स्पर्धेत मात्र तो पारखून घेतात. एन.सी.सी.च्या हवाई शाखेमुळे आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाच्या ‘एफ-४-सी’ वर्गाचे नियम माझ्या हाती आले, आणि घरात वाद सुरू झाला.

परीक्षक विमानाला हात लावत नाहीत. ठरावीक अंतरावर खुर्च्या टाकून बसतात; समोर प्रतिकृती, हातात स्पर्धकाने दिलेला आराखडा आणि मूळ विमानाची छायाचित्रं. बाजूने, समोरून, वरून पाहायचं आणि गुण द्यायचे. परीक्षकाला ते विमान कितीही तोंडपाठ असो, पुरावा कागदावर हवा. तोही त्या जातीच्या विमानाचा नव्हे, त्या एकाच विमानाचा! छायाचित्रात पंखाला ठिगळ असेल, इंजिनामागे धुराचा काळा पट्टा असेल, तर तो प्रतिकृतीवरही हवा. चकचकीत केलंत की गुण गेले.

माझे वडील सुतार. सांधा दिसला तर कारागीर कच्चा, हे त्यांचं शास्त्र. मी करतोय ते एच.टी.-२. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेलं, १९५१ साली प्रथम उडालेलं, शिकाऊ वैमानिकांचं विमान. मूळ पंखविस्तार १०.७२ मीटर, आठव्या हिश्शाने माझा १३४ सेंटिमीटर. मूळ अंग धातूचं, म्हणून पत्र्याचे जोड नि रिव्हेटांचे ठिपके मी लाकडावर मुद्दाम उमटवतो. वडील पॉलिश पेपर घेऊन मागे उभे! “घासून टाक रे, शोभत नाही.” उडवणाऱ्यानेच विमान बांधायचं, असा नियम, म्हणून त्यांचा हात अडवावा लागतो. ते जिवावर येतं. करवत धरायला त्यांनीच शिकवलं.

खरी पंचाईत हवेची. विमान आठपट लहान झालं, पंखाचं क्षेत्रफळ चौसष्टाव्या हिश्शावर आलं, पण हवा आहे तेवढीच. शेपूट किंचित मोठी केली तर विमान स्थिर उडेल. पण ती वाढ खुर्चीवरून दिसेल. आणि उडाल्याशिवाय तर जमिनीवरचे गुणही धरत नाहीत. मी शेपूट मापातच ठेवली आहे. पडलं तर पडलं.

मूळ विमानात वैमानिक दिसत असेल आणि प्रतिकृतीत बाहुला नसेल, तर उड्डाणाचे १० टक्के गुण कापतात. हे ऐकल्यापासून वडिलांनी सागाचा एक तुकडा बाजूला काढून ठेवलाय. जड होईल म्हणालो, तर म्हणाले, “आतून पोखरून देतो.” मी अजून हो म्हटलेलं नाही.