दहा मिलीग्रॅमचा हिशेब

वितळलेल्या शिसे-बिस्मथमध्ये पोलादी बोल्ट टाकला तर तो तरंगतो. हा धातू नळ्यांतून फिरवत ठेवणाऱ्या चाचणीच्या मांडणीवर, म्हणजे लूपवर, नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरला ही गंमत वाटते. पण बोल्ट वर राहिला तरी त्यातलं लोखंड, क्रोमियम आणि सगळ्यांत आधी निकेल त्या गरम धातूत विरघळू लागतं. गंमत तिथेच संपते.

अणुभट्टीत उष्णता वाहून नेण्यासाठी हे मिश्रण मोहात पाडणारंच आहे. ते साधारण 125 अंशांना वितळतं, उकळायला मात्र 1600 अंशांच्याही वर जावं लागतं. सोडियमसारखं ते पाण्याशी भडकत नाही. उरतो प्रश्न पोलादाचा, आणि त्याचं उत्तर ऑक्सिजन. अगदी थोडा, एका टनाला दहा मिलीग्रॅमच्या आसपास असला, की पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि नळी वाचते. कमी पडला तर थर विरतो. जास्त झाला तर शिशाचाच ऑक्साइड होऊन गाळ साचतो. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून लूपवाल्याची नजर सतत ऑक्सिजन मोजणाऱ्या झिर्कोनियाच्या नळीच्या सेन्सरवर असते.

याच धातूने अणुभट्ट्या थंड ठेवणाऱ्या सोव्हिएत पाणबुडी के-27 च्या वेळी हा हिशेब कुणाला नीट ठाऊक नव्हता. 24 मे 1968 रोजी गाळाने एका अणुभट्टीच्या गाभ्यातल्या वाटा तुंबल्या आणि इंधन वितळलं. किरणोत्साराने नऊ खलाशी दगावले. 1982 मध्ये ती पाणबुडी कारा समुद्रात बुडवण्यात आली. ऑक्सिजन राखण्याची शिस्त रशियन शास्त्रज्ञांनी त्यानंतर बसवली. आजच्या प्रत्येक लूपमागे ही किंमत आहे, हे पाठ्यपुस्तकांनी जरा ठळकपणे सांगायला हवं.

दुसरी कटकट गोठण्याची. लूप भरण्याआधी सगळ्या नळ्यांना हीटर गुंडाळून त्या तापवतात. एखादा व्हॉल्व्ह जरी थंड राहिला तरी तिथे धातूचं बूच बसतं. हाच धातू वापरणाऱ्या सोव्हिएत ‘लिरा’ वर्गाच्या पाणबुड्या बंदरात उभ्या असतानाही त्यांचा धातू गरम ठेवावा लागे.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या छोट्या उच्च-तापमान अणुभट्टीत हाच धातू पंपाशिवाय, केवळ उष्णतेच्या जोरावर 1000 अंशांना फिरायचा आहे. तिथे पोलादाचं काम नाही. चाचणीच्या लूपला नायोबियमचा मिश्रधातू लागतो.

बिस्मथपासून पोलोनियम-210 तयार होतं, तेही घातक. सायबेरियात सेव्हेर्स्कला 2021 पासून उभ्या राहणाऱ्या ब्रेस्ट अणुभट्टीत म्हणून नुसतं शिसं आहे. पोलोनियमचा त्रास जवळपास मिटला. पण शिसं गोठतं 327 अंशांना, तेव्हा हीटरवाल्यांचं काम वाढलंच.