मुलाखतीत मीही त्यांना पाहत होते

मुलाखतीत समोरच्याची मान हलली की जीव कसा भांड्यात पडतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच. बी.ए. इंग्रजी झाल्यावर मी एका खासगी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी गेले होते. माझं बी.एड. नव्हतं. "ते नंतर करा," असं फोनवरच सांगितलं गेलं. खरं तर तेव्हाच कान टवकारायला हवे होते!

डेमोसाठी 5वीचा वर्ग मिळाला. मी मुलांना जोडीजोडीने बोलायला लावलं. गलका झाला, पण शेवटच्या बाकावरची मुलगीसुद्धा इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. मी आनंदाने मागे पाहिलं, तर मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या आणि पर्यवेक्षक उठून दार लावत होते.

केबिनमध्ये "कसं शिकवाल?" हे कुणी विचारलंच नाही. "वर्ग शांत कसा ठेवाल?" हे मात्र तीनदा. तिसऱ्यांदा विचारताना सरांची बोटं टेबलावरच्या लाकडी पट्टीवर होती. मी म्हणाले, "सर, 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना मारायला बंदी आहे." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वर्गात मुलं किती?" मी विचारलं.

"52."

त्यांचा प्रश्न तेव्हा थोडा कळला. पट्टी नाही कळली.

जागा तातडीने भरायची असावी, कारण दोन दिवसांनी होकाराचा फोन आला. मी नाही म्हणाले. आई पोळ्या लाटत होती. "घरात कुणाला विचारलंस?" एवढंच म्हणाली आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.