शरीराबाहेर धडधडणारे हृदय

हृदयाला माणसाने काय काय नाही चिकटवले! प्रेम हृदयात, दया हृदयात, आणि शपथ घ्यायची तीही छातीवर हात ठेवून. पण हेच हृदय शरीरातून वेगळे काढले तर? मेंदूचा हुकूम नाही, मज्जातंतूंची जोडणी नाही. तरीही ते काही तास धडधडत राहू शकते. त्याला फक्त ऊब, प्राणवायू, साखर आणि योग्य क्षार मिळायला हवेत. ही गोष्ट माणसाला आधी बेडकाने शिकवली आणि मग सशाने.

नळाच्या पाण्याचा धडा

१८८२ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यावर चालवून पाहत होते. ते छान चालले. पुढे लक्षात आले, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साध्या नळाच्या पाण्यात तयार झाले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यात असलेले कॅल्शियम शुद्ध पाण्यात नव्हते! स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते हे असे कळले.

बेडकानंतर सस्तन प्राण्यांची पाळी आली. १८९५ साली जर्मनीत ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी एक युक्ती काढली. वेगळ्या काढलेल्या हृदयाच्या महारोहिणीत नळी बसवायची आणि द्रावण उलट्या दिशेने सोडायचे. त्या दाबाने महारोहिणीची झडप मिटते आणि द्रावण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरते. मांजर, ससा, कुत्रा यांची हृदये अशी चालवता आली. जगभरच्या प्रयोगशाळा आजही हीच पद्धत वापरतात. आधी प्राण्याला भूल दिली जाते. पण हृदय काढल्यावर तो प्राणी अर्थातच परत उठत नाही.

ठिणगी कुठून येते?

हृदयाला ठोक्याचा इशारा देणारा पेशींचा लहानसा पुंजका उजव्या कर्णिकेत असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. सशाच्या हृदयातला हा तुकडा इवलासा, पण कोमट द्रावणात ठेवला तर एकटाही ताल धरतो. त्याच्या पेशीत काचेची अतिसूक्ष्म सुई टोचली, की आतली वीज मोजता येते. हृदयाच्या इतर स्नायूपेशी दोन ठोक्यांमध्ये शांत पडून असतात. या पेशींना मात्र चैन नसते. ठोका संपताच त्यांचा भार उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपासून हळूहळू वर सरकू लागतो. ठरावीक उंबरठा ओलांडला, की कॅल्शियम आत घुसते आणि पुढचा ठोका पडतो.

हे वर सरकणे सुरू कसे होते? ऑक्सफर्डमध्ये ब्राउन, डिफ्रान्सेस्को आणि नोबल यांनी १९७९ मध्ये सशाच्या याच तुकड्यात एक वेगळाच विद्युत्प्रवाह दाखवला. पेशीतील भार अधिक उणा झाला, की तो सुरू व्हायचा. इतर प्रवाहांपेक्षा त्याची चाल इतकी उलटी, की त्याचे नावच 'विचित्र प्रवाह' पडले. घाबरल्यावर स्रवणारे अ‍ॅड्रेनलिन तो वाढवते, म्हणून छाती धडधडते. हाच प्रवाह रोखून नाडी सावकाश करणारे इव्हाब्रॅडिन हे औषध आज हृदयरुग्णांना दिले जाते.

सशाचे हृदय आणखी एका कामी येते. उंदीर हा लहान प्राणी, त्याचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक वेळा धडधडते आणि त्यातल्या विजेची रीत आपल्याहून बरीच वेगळी असते. ससा त्या मानाने माणसाच्या जवळचा. नवे औषध हृदयाचा ताल बिघडवील का, हे त्याच्या हृदयावर तपासता येते. हा धोका काल्पनिक नाही. पोटाच्या तक्रारींवर दिले जाणारे सिसाप्राइड याच कारणाने २००० साली अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले, आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

चेन्नईची ११ मिनिटे

शरीराबाहेरचे हृदय म्हणजे काय, हे सप्टेंबर २००८ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांनी पाहिले. अपघातानंतर मेंदू मृत झालेल्या १५ वर्षांच्या हितेंद्रनचे अवयव देण्याचा निर्णय त्याच्या डॉक्टर आईवडिलांनी घेतला. पोलिसांनी वाहतूक अडवून वाट मोकळी केली आणि त्याचे हृदय ११ मिनिटांत मोगप्पेरच्या रुग्णालयात पोहोचले. तिथे ते नऊ वर्षांच्या एका मुलीच्या छातीत बसवले गेले.

अशा प्रवासात हृदय धडधडत नसते. पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने त्याला मुद्दाम झोपवलेले असते. साधारण चार तासांच्या आत ते नव्या शरीरात ऊबदार रक्ताला जोडले, की पुन्हा चालू लागते; क्वचित विजेचा झटका द्यावा लागतो. कापलेले मज्जातंतू मात्र लगेच जुळत नाहीत. ठोके मंद ठेवणारा लगामच सुटलेला असतो, म्हणून आरोपित हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देते. जिना चढताना ते जरा उशिराच वेग घेते, कारण त्याला रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची वाट पाहावी लागते. प्रयोगशाळेतल्या सशाच्या हृदयासारखेच ते आपल्या बळावर चालते.

सशाची बाजू

मग सशाचे काय? हा प्रश्नही याच शहरातून विचारला गेला. मद्रासमध्ये 'कलाक्षेत्र' उभारणाऱ्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध त्यांनी खाजगी विधेयक मांडले. पुढे सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिले आणि १९६० मध्ये तो झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष.

या कायद्याने प्रयोग बंद केले नाहीत, पण त्यांना मर्यादा घातली. प्रयोग माणुसकीने आणि भूल देऊन व्हावेत, आणि शिकवण्याचे काम पुस्तके, नमुने वा चित्रफितींनी भागत असेल तिथे ते टाळावेत, असे त्यात म्हटले आहे. मोठ्या प्राण्याऐवजी लहानावर काम भागत असेल तर लहानच घ्यावा, असेही हाच कायदा सांगतो, आणि त्या लहानांच्या यादीत ससा आहे! म्हणजे दयेच्या कायद्यातही सशाच्या वाट्याला मोठ्यांच्या जागी उभे राहणेच आले.

अलीकडे वाट थोडी बदलते आहे. माणसाच्या पेशींपासून बशीत वाढवलेल्या हृदयपेशी आणि संगणकावरील हृदय यांचा उपयोग वाढतो आहे. २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना जागा दिली. तरी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अजून बशीत मिळत नाही.

हितेंद्रनच्या आईवडिलांनी विचार करून दिले. सशाला कोणी विचारले नाही आणि विचारता येणारही नाही. म्हणून त्याच्या वतीने विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. जे आधीच ठाऊक आहे तेच पुन्हा दाखवण्यासाठी एकही ससा जाऊ नये, आणि जो गेला त्याच्याकडून मिळालेले ज्ञान वाया जाऊ नये. आपल्या घरी एखाद्याच्या नाडीवर गोळीने ताबा येतो, तेव्हा त्या गोळीच्या मागे एका सशाचे इवलेसे हृदय धडधडून गेलेले असते, एवढे तरी आपण विसरू नये.