कुरळ्या केसांचे वळण

आपल्याकडे कुरळ्या केसांचे कौतुक फार जुने आहे. श्रीकृष्णाच्या रूपाचे वर्णन करणारा कवी कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटांना सहसा विसरत नाही. असे असूनही घरातील मुलगी उपवर झाली की तिचे कुरळे केस हाच काळजीचा विषय व्हावा, हे नवल आम्ही ग्वाल्हेरीस तीन पिढ्या पाहत आलो आहो.

ग्वाल्हेरीचा आणि गोमंतकाचा ऋणानुबंध जुना. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी हे मूळचे पेडणे महालातील केरीचे. आमची आजी त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी, लग्न होऊन गोव्याहून लष्करात आली आणि हे केस आमच्या घराण्यात तिच्याबरोबर आले. केसांवरून कोणी काही बोलले की ती कोकणीत एवढेच म्हणे, "हे म्हज्या आवयचे केंस." तिच्या लेकींना मात्र एवढ्याने समाधान नव्हते. आमच्या आत्यांनी खोबरेल चोपडून घट्ट वेण्या घातल्या. पुढे पाटावर केस पसरून, वर फडके टाकून, त्यावरून कपड्यांची इस्त्री फिरविली. आज आमच्या भाचीच्या हाती विजेचा स्ट्रेटनर आहे.

हा खटाटोप आमच्याच घरचा नव्हे. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो याने एकोणिसाव्या शतकात तापलेल्या चिमट्याने सरळ केसांना लाटा आणण्याची रीत रूढ केली. उलट, अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया चुलीवर तापविलेल्या धातूच्या फणीने आपले कुरळे केस सरळ करीत. पहिली हौस होती. दुसरीमागे, चारचौघांत मान मिळावा ही आस पुष्कळदा असे.

उष्णतेने केस सरळ होतो याचे कारण साधे आहे. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातील धागे जोडणारे काही बंध दुबळे असतात, काही बळकट. उष्णतेने आणि पाण्याने दुबळे बंध सुटतात, आणि ताणलेला केस थंड होताना ते नव्या जागी जुळतात. गंधकाचे बळकट बंध मात्र बहुतांशी जागचे हलत नाहीत. शिवाय नवा केस मुळापासूनच वळण घेऊन उगवतो. म्हणून पाणी लागले की केस पूर्ववत् होतो. जिनीव्हाच्या सोश्यूर या पंडिताने १७८३ साली हवेतील ओलावा मोजण्याच्या ज्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात माणसाचा केसच ताणून बसविला होता. दमट हवेत तो लांबे, कोरड्या हवेत आखडे. ग्वाल्हेरीत त्यासाठी यंत्र नको. ज्येष्ठात लू वाहते, पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा सरळ केलेले केस दिवसभर सरळ राहतात. आषाढाची सर आली की तेच केस पाहता पाहता वळू लागतात.

गेल्या ज्येष्ठात भाचीला पाहावयास मंडळी यावयाची होती. घाईघाईत तिने न्हालेले केस ओलसर असतानाच चिमट्यात धरले. चर्र असा आवाज झाला, वाफ निघाली, कानामागे चटका बसला. असे केले असता केसातले पाणी एकाएकी उकळते, आत बुडबुडे होतात आणि केस ठिसूळ होऊन तुटतो. तरी मंडळींनी पोहे घेतले, केसांची तोंडभर स्तुती केली आणि ती आनंदाने परतली. घरात सर्वांना हायसे वाटले. रात्री कानामागे तूप लावून घेताना भाची म्हणाली, "आत्या, म्हणजे पाऊस पडेपर्यंतच मी त्यांना आवडेन ना?"

तिच्या प्रश्नाला आमच्यापाशी एकच उत्तर होते. दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या केसांचे छायाचित्र आम्ही त्या घरी पाठविले. तिकडून होकार आला नाही, नकारही आला नाही. बोलणे तेथेच राहिले. भाचीला वाईट वाटले, पण चार दिवसांनी ती न्हाऊन, केस मोकळे सोडून देवळात आली.

केस सरळ करू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. गजरा माळावा, अंबाडा घालावा, तसाच हाही एक शृंगार आहे. केस पुरते वाळवावेत, आच बेताची ठेवावी, एका बटेवरून चिमटा पुन्हापुन्हा फिरवू नये, आणि हा नित्यनेम करू नये, एवढे पथ्य पुरे. मात्र शृंगार हा हौसेचा असावा, परीक्षेचा नव्हे. आपल्या समाजात स्थळांच्या गोष्टी पुष्कळदा देवदर्शनानंतर सभामंडपातच निघतात. तेथे बसणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे की मुलीच्या केसांविषयी विचारण्यापूर्वी, ते तिला कोणाकडून आले, हे आठवून पाहावे.