क्वार्ट्झसाइटचे हिवाळी गाव आणि हौद्यातले ओझे

फिनिक्स शहरातून आंतरराज्य महामार्ग क्रमांक १० धरून आपण पश्चिमेस निघालात, की तासाभरात वस्ती विरळ होते आणि दोन्ही बाजूंस ॲरिझोनाचे वाळवंट पसरते. हे वाळवंट राजस्थानातल्यासारखे वाळूच्या टेकड्यांचे नव्हे. खडी, काटेरी झुडपे आणि हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखे सग्वारो निवडुंग असे त्याचे रूप आहे. सुमारे दोन तासांच्या प्रवासानंतर डोंगररांगांच्या मधल्या सपाटीवर पांढरे ठिपके दिसू लागतात. दुरून मेंढ्यांचा कळप बसला आहे असे वाटावे. जवळ गेल्यावर कळते, की ती चाकांवरची घरे आहेत. हे क्वार्ट्झसाइट.

एरवी अडीच हजारांच्या आत लोकवस्ती असलेले हे गाव हिवाळ्यात ओळखू येत नाही. मिनेसोटा, डाकोटा, कॅनडातील आल्बर्टा अशा बर्फाळ मुलखांतले निवृत्त लोक आपली घरे गाड्यांना जोडून इथे येतात. इथली हवा त्या दिवसांत कोरडी आणि उबदार असते. गुडघे धरत नाहीत, बर्फावरून घसरून खुबा मोडण्याची धास्ती राहत नाही. गावाच्या दक्षिणेस ‘ला पोसा’ नावाचे अकरा हजारांहून अधिक एकरांचे सरकारी माळरान आहे. १९८३ पासून तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करता येतो. वीज नाही, घरापर्यंत नळ नाही. पाणी ठरलेल्या जागेवरून भरून आणायचे. तरीही माणसे वर्षानुवर्षे येतात.

माझी कन्या फिनिक्सला राहते. गेल्या जानेवारीत तिच्याबरोबर मी खनिजांचे प्रदर्शन पाहण्यासाठी इथे आलो होतो. प्रदर्शनातले दगड सुंदर होतेच. परंतु वाचकहो, आपल्याला सांगावे असे जे काही मला इथे मिळाले, ते एका वृद्ध दांपत्याने आपल्या ट्रकमधून उतरवलेल्या लोखंडी ओझ्यापाशी मिळाले.

आम्ही जेवणाचे डबे उघडून बसलो होतो, त्याच्या शेजारीच त्यांचे घर येऊन थांबले. गृहस्थ शहात्तर वर्षांचे, पत्नी दोन वर्षांनी लहान. पत्नींना कंपवाताचा त्रास. चार पावलांपलीकडे चालणे अवघड. त्यांचे घर ज्या प्रकारचे होते, त्याला तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक म्हणतात. नाव घोडागाड्यांच्या काळातले आहे. चार चाकांच्या गाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चक्र बसवीत. तेच पाचवे चाक. आज त्याच तत्त्वावरची जोडणी पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर बसवतात. घराच्या पुढच्या भागाखाली एक जाड पोलादी खुंटी असते. ती या जोडणीच्या जबड्यांत अडकते आणि घराच्या पुढच्या बाजूचा भार ट्रकवर येतो. या जोडणीला ‘हिच’ म्हणतात. पोलादी हिचचे वजन पन्नास किलोंपासून शंभर-सव्वाशे किलोंपर्यंत असते.

घर एकदा जागेवर उभे राहिले, की तीन महिने हिचचे काही काम नसते. ट्रकचे काम मात्र रोजचे असते. पाणी, किराणा, औषधे सारे त्यातूनच आणायचे आणि रुग्णालय गाठायचे तर ३५ किलोमीटरवरच्या ब्लाइथला किंवा त्याहून दूर पार्करला जायचे. या दांपत्याच्या बाबतीत आणखी एक निकड होती. पत्नींची बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी हौद्यातूनच न्यावी लागे आणि हिच मध्ये असेतो तिला जागा नव्हती. हिच उतरली नाही, तर त्या बाई तीन महिने घराच्या दारातच बसून राहणार.

ती हिच कशी उतरली, हे मी जवळून पाहिले. सारे काम एका कागदावर लिहिलेले होते आणि तो कागद पत्नींच्या हातात होता. त्या खुर्चीवर बसून एकेक ओळ मोठ्याने वाचत. गृहस्थ ती गोष्ट करून उत्तर देत. मगच पुढची ओळ.

“चाकांखाली पाचरी?”

“लावल्या.”

“मागचे फाळके?”

“खाली.”

फाळके आधी खाली घेतले नाही आणि ट्रक पुढे काढला, तर घराची खुंटी त्यावर आदळते. घाईत होणारी ही नेहमीची चूक आहे. पुढे घराचे पाय जमिनीला टेकवले, दिव्यांची व ब्रेकची वायर आणि सुरक्षेची दोरी सोडवली, जबडे उघडले आणि ट्रक सावकाश पुढे घेतला. घर आपल्या पायांवर उभे राहिले. इंजिन बंद झाले, हातब्रेक ओढला गेला आणि मग हिचकडे वळायचे ठरले.

मला वाटले होते, आता शेजारच्या दोघा-तिघांना हाक मारून ते धूड उचलतील. तसे झाले नाही. गृहस्थांनी प्रथम डोक्याचा भाग बुडापासून सोडवला. तो दोन पिनांवर बसलेला असतो. मग हौद्याच्या कोपऱ्यात पक्की केलेली, हाताने पंप मारायची छोटी क्रेन फिरवून त्यांनी तो भाग पट्ट्यांनी बांधला, वर घेतला आणि बाहेर आणून खाली ठेवला. त्यानंतर हौद्यातल्या पोलादी पट्ट्यांत बूड अडकवणाऱ्या चार पिना काढल्या आणि बूडही त्याच रीतीने उतरले. भार अधांतरी असताना त्याखाली त्यांनी हात घातला नाही, पाय येऊ दिला नाही. हलू लागला, तर त्याला बांधलेल्या दोरीने लांबूनच आवरला. सारे व्हायला पाऊण तास लागला. मधे एकदा ते दहा मिनिटे बसले आणि पाणी प्याले.

मी त्यांच्या सावधपणाचे कौतुक केले, तेव्हा पत्नी म्हणाल्या, “ही अक्कल आम्हांला फुकट मिळालेली नाही.”

दोन वर्षांपूर्वी याच माळावर गृहस्थांनी हिच एकट्याने ओढून फाळक्याच्या कडेपर्यंत आणली होती. चाळीस वर्षे यंत्रशाळेत काढलेला माणूस. मदत मागणे त्यांना कमीपणाचे वाटले. खाली वाकून, कमरेत वळून उचलताना पाठीत कळ आली आणि ते तिथेच बसले. तपासणीत मणका दबून मोडल्याचे आणि हाडे ठिसूळ झाल्याचे समजले. हाडांचा ठिसूळपणा हा बायकांचा आजार, अशी त्यांची समजूत होती. ती आपल्याकडेही आहे आणि ती चुकीची आहे. वय वाढेल तसा पुरुषांनाही तो होतो.

“माझी पाठ गेली म्हणून मी फारसा घाबरलो नाही,” गृहस्थ म्हणाले. “पण त्या रात्री हिला न्हाणीघरात न्यायचे होते आणि मला उठता येत नव्हते, तेव्हा घाबरलो.”

पुढचे पाच आठवडे शेजाऱ्यांनी आळीपाळीने पत्नींचे सारे केले. परतीसाठी मुलाला मिनेसोटाहून यावे लागले. वाळवंटात येणे आता बंद, असे मुलाने सुचवले होते. ते बंद झाले नाही, कारण या दोघांनी उचलण्याची रीत बदलली. क्रेन घेतली आणि कागद लिहिला. तो वाचण्याचे काम पत्नींनी आपणहून मागितले. हात कापत असले, तरी डोळे आणि आवाज शाबूत आहेत, असे त्या म्हणाल्या.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी हिच नसेल. परंतु भरलेला गॅसचा सिलिंडर सुमारे तीस किलोंचा असतो, पिण्याच्या पाण्याचा मोठा जार वीस किलोंचा आणि घडीची चाकांची खुर्ची पंधरा-अठरा किलोंची. आजारी जोडीदाराला दवाखान्यात नेताना ती खुर्ची गाडीच्या डिकीत कोण ठेवते? बहुधा सत्तरीचा पती किंवा पासष्टीची पत्नी. तेही रस्त्याच्या कडेला, मागची वाहने हॉर्न वाजवीत असताना. ज्याच्यावर दुसऱ्याची भिस्त आहे, त्याची पाठ ही त्याच्या एकट्याची नसते, हे त्या क्षणी कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून क्वार्ट्झसाइटची रीत आपल्या घरी आणण्याजोगी आहे. ओझे जसेच्या तसे न उचलता आधी त्याचे भाग करावेत. खुर्चीची पायटेकणी आणि उशी काढली, की वजन कमी होते आणि पकडही नीट मिळते. पाय थोडे फाकवून, गुडघ्यांत वाकून, वस्तू अंगाशी धरून उचलावी आणि वळायचे असेल तेव्हा कमरेतून न पिळता पावले टाकून वळावे. श्वास कोंडून जोर करू नये; त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. ज्यांना हृदयविकार, हर्निया किंवा हाडांचा ठिसूळपणा आहे, त्यांनी उचलण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. उचलल्यानंतर पाठीत अचानक तीव्र कळ आली आणि ती ओसरली नाही, तर मालिश करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. पायांत बळ नाहीसे वाटले, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

उतरवण्याइतकेच ठेवणेही महत्त्वाचे, हे मी तिथे शिकलो. हिच जमिनीवर टाकलेली नव्हती. घराचा पुढचा भाग जिथे अधांतरी असतो, त्याच्या सावलीत फळ्यांचा ठेंगणा चौथरा होता. दोन्ही भाग त्यावर विसावले. गृहस्थांनी पत्र्यावरचे जुने ग्रीस फडक्याने पुसून काढले. ग्रीसला वाळू चिकटते आणि पुढे तीच वाळू पोलाद खाते. म्हणून नवे ग्रीस परत जोडण्याच्या दिवशी लावायचे. वर ताडपत्री घालून कडा बांधल्या, साखळीने कुलूप घातले. पिना आणि क्लिपा एका डब्यात मोजून ठेवल्या आणि डबा हिचलाच बांधला. नाहीतर एप्रिलमध्ये हिच सापडते आणि पिन सापडत नाही. बूड कोणत्या खाचेत बसते, तिथे पांढऱ्या रंगाची खूण होती. ताडपत्रीखाली विंचू आश्रयाला येतात, म्हणून उघडताना जाड हातमोजे घालायचे आणि आधी काठीने झटकायचे, हेही कागदावर लिहिलेले होते.

घरच्या गराजमध्ये काही जण हिच छताला साखळी-कप्पीने टांगून ठेवतात. टांगायचीच तर छताची तुळई तो भार पेलेल याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि तिच्याखालून येण्याजाण्याची वाट नसावी. त्यापेक्षा हौद्याच्या उंचीच्या, चाके असलेल्या भक्कम गाड्यावर ती सरकवून ठेवणे बरे. परत बसवताना जमिनीपासून उचलावी लागत नाही. आपल्या घरीही जड वस्तू माळ्यावर किंवा पलंगाखाली कोंबण्याऐवजी कमरेच्या उंचीला ठेवल्या, तर पाठीचे कितीतरी श्रम वाचतील. हल्ली ॲल्युमिनियमच्या, वीस किलोंच्या आतबाहेर वजनाच्या हिचही मिळतात. गृहस्थ पुढच्या वर्षी तशी घेण्याच्या विचारात होते. आपल्या घराच्या वजनाला ती पुरेल का, हे आधी पडताळणार होते.

संध्याकाळी आम्ही गावातली प्रसिद्ध समाधी पाहायला गेलो. अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणवले होते. त्या उंटांबरोबर १८५६ मध्ये आलेला हाजी अली नावाचा सारवान १९०२ मध्ये इथेच वारला. स्थानिकांच्या तोंडी त्याचे नाव ‘हाय जॉली’ असे झाले. त्याच्या थडग्यावर दगडांचा छोटा पिरॅमिड आहे आणि शिखरावर धातूचा उंट. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी उंटाला बसवायचे आणि मग ओझे उतरवायचे, हा सारवानाचा नेम. उभ्या उंटावरून कुणी ओझे ओढत नाही.

ते दांपत्यही तिथे आले होते. हौद्यातल्या मोकळ्या जागेतून तीनचाकी त्याच क्रेनने खाली उतरली. पत्नी तिच्यावर बसल्या आणि आमच्या पुढे निघाल्या. त्या खडीवरून समाधीला वळसा घालून परत आल्या, तोवर गृहस्थ ट्रकच्या फाळक्याला टेकून उभे होते. पाठ दुखते का, असे मी विचारले. “आज नाही,” ते म्हणाले आणि पत्नींनी पर्समधून कागद काढला. तीनचाकी परत चढवण्याची पहिली ओळ वाचायची होती.