पत्रात पुस्तकच नव्हतं

प्रकाशकाला लिहिलेल्या माझ्या पहिल्या पत्रात पुस्तकाबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. बाकी सगळा मीच. शाळेत निबंधाला मिळालेलं बक्षीस, तालुक्याच्या संमेलनात वाचलेली कविता, 'या नवोदिताला पदरात घ्यावे' अशी विनवणी. आणि ज्या एसटीतल्या नोकरीवर अख्खं पुस्तक उभं होतं, ती 'सध्या सेवानिवृत्त' एवढ्यावर उरकलेली! कंडक्टर म्हटलं तर वही उघडणारसुद्धा नाहीत, अशी भीती. तिकिटांचा ट्रे, पंच, वेबिल, मुक्कामी गाडीतल्या रात्री हे सारं मीच लपवून ठेवलं.

वर 'कोसला'शी तुलना. ती कादंबरी १९६३ साली आली. तेव्हापासून किती नवोदितांनी हा आगाऊपणा केला असेल कोण जाणे. माझ्या आठवणींशी तिचं नातं इतकंच, की दोन्ही मराठीत.

याच पत्राच्या झेरॉक्स काढून, नावाची जागा हातानं भरून, दिसेल त्या पत्त्यावर धाडल्या. त्यातले एक गृहस्थ फक्त बालसाहित्य काढत. आपल्यासारखी पुस्तकं कोण छापतं, हे वाचनालयाच्या कपाटापुढे उभं राहून पाहता आलं असतं. तेवढंही केलं नाही.

तळटीप तर कहर होती : 'कल्पना चोरल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' १९५७चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देतच नाही. लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क मात्र लिहिल्याबरोबर लेखकाचा होतो. नोंदणीची सक्ती नाही आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षं टिकतो. म्हणजे धमकी फुकट आणि समोरच्या माणसाला आधीच चोर ठरवलेलं.

पुढे ईमेल करायला शिकलो, तर फाइल जुन्या फॉन्टमधली. तो फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसेल तर नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतली, तेव्हा कुठे एका संपादकांचा फोन आला.

"काका, शब्द किती आहेत? फॉर्म किती होतील?"

मला दोन्ही सांगता येईना. एक फॉर्म म्हणजे १६ पानं. छपाईचा खर्च आणि पुस्तकाची किंमत त्यावरून बसवतात, हे त्यांनीच समजावलं.

"आणि एसटीतलं इतकं बारीकसारीक तुम्हाला कसं ठाऊक?"

"कंडक्टर होतो."

"मग पत्रात लिहिलं का नाहीत?"

नंतरचं पत्र एका पानाचं केलं. सुरुवातीलाच लिहिलं, की पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ला एसटीची पहिली गाडी सुटली, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. माझ्या पुस्तकात घंटीची दोरी ओढणारा माणूस बोलतो. खाली शब्दसंख्या, कोण वाचेल याचा अंदाज, आणखी कुठे पाठवलंय त्याचा उल्लेख. सोबत नमुन्याची दोन प्रकरणं.

त्या संपादकांनी पूर्ण हस्तलिखित मागवलं, वाचलं आणि नाकारलं. पण यावेळी कारणं कळवली : उत्तरार्धात बदल्यांच्या तक्रारी फार, प्रवासी कमी. खरं होतं. तो भाग सध्या कापतोय.

तुम्ही पाठवणार असाल तर आपण काय काम केलं ते आधी लिहा. आणि मूळ वह्या कुणालाही पाठवू नका, झेरॉक्सच पाठवा. माझी एक वही अजून परत आलेली नाही.