भुट्ट्याचा कीस आणि मराठी

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले; मराठी मी आईच्या स्वयंपाकघरात शिकले. इंदूरच्या सराफ्यात रात्री मिळणारा भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात आमच्या घरीही होई. कोवळी कणसे किसायची. तुपात मोहरी, जिरे, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी करून कीस मंद आचेवर खमंग परतायचा. मग थोडे थोडे दूध घालून शिजवायचा. वरून लिंबू, कोथिंबीर, खोबरे. “खाली लागतोय, उलथण्याने खरवड!” आई म्हणे. किसणे, परतणे, खरवडणे हे शब्द मला कोणत्याच पाठ्यपुस्तकाने दिले नाहीत.

आपल्या पुष्कळ मुलांच्या घरी आता हिंदीच बोलली जाते. पालकहो, एखाद्या रविवारी मुलांच्या हाती किसणी द्या. शेजारी उभे राहा, आणि बोला मात्र मराठीतच.